भांडण पार्किंगचं की द्वेष? मोटिव्हच्या दोन गोष्टी समोर आल्या की मी काय बघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुणावर तरी हल्ला होतो, घरचे म्हणतात आमच्या धर्मामुळे किंवा जातीमुळे किंवा रंगामुळे मारलं, आरोपीकडचे म्हणतात छे हो जुनं वैयक्तिक भांडण होतं, पोलीस तिसरंच काहीतरी सांगतात, आणि दोन दिवसांत बघणाऱ्या प्रत्येकाने आपली बाजू ठरवून टाकलेली असते. मग खरं काय ते ओळखायचं कसं, आणि कोर्ट नेमकं काय बघतं.

मी क्रिमिनल साइडला बरीच वर्षं वकिली करतोय, अशा केसेसमधे फिर्यादीच्या बाजूनेही उभा राहिलोय आणि आरोपीच्याही. माझं मत आधीच सांगून टाकतो. "भांडण की द्वेष" हा प्रश्नच बहुतेक वेळा चुकीचा मांडलेला असतो. भांडण म्हणजे ठिणगी, आणि द्वेष असेल तर तो आधीपासून साठलेला असतो, दोन्ही एकाच घटनेत आरामात असू शकतात. त्यामुळे सीटवरून, बांधावरून, पार्किंगवरून वाद झाला होता एवढं सिद्ध झालं म्हणजे द्वेषाचा मुद्दा संपला असं होत नाही. आणि उलट्या बाजूने, मेलेला माणूस अमुक समाजाचा आणि मारणारा तमुक समाजाचा एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. बघायचं असतं ते हे की हाच माणूस का निवडला, आणि त्याच्या जागी दुसऱ्या समाजाचा माणूस असता तर तेच भांडण तिथपर्यंत गेलं असतं का.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चॅपल हिलचं आहे, ते जरा सविस्तर सांगतो कारण त्यात दोन्ही बाजूंकडे खरोखर मुद्दे होते.

१० फेब्रुवारी २०१५, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. तीन तरुण मुस्लिम, नवरा-बायको आणि बायकोची धाकटी बहीण, त्यांच्याच घरात शेजाऱ्याने गोळ्या घालून मारले. वयं २३, २१ आणि १९. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी निवेदन काढलं की प्राथमिक तपासावरून हा पार्किंगच्या जुन्या वादातून झालेला प्रकार दिसतोय. त्याच दिवशी आरोपीच्या बायकोनेही पत्रकारांसमोर सांगितलं की याचा धर्माशी संबंध नाही. मुलींच्या वडिलांचं म्हणणं एकदम वेगळं होतं, ते म्हणाले की हा शेजारी आपल्या दिसण्यावरून आपला द्वेष करतो असं मुलीने आधीच घरी सांगितलं होतं.

आता आरोपीच्या बाजूने काय होतं ते पण बघा. हा माणूस पार्किंग आणि आवाजावरून कॉम्प्लेक्समधल्या बऱ्याच लोकांशी भांडायचा. फेसबुकवर तो सगळ्याच धर्मांची टर उडवायचा, फक्त इस्लामची नाही. म्हणजे "हा सगळ्यांवरच चिडका आहे" ही थिअरी काही हवेतली नव्हती, मी त्याचा वकील असतो तर मीही हेच आधी मांडलं असतं.

पण मारल्या गेलेल्या मुलाने दार उघडताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं होतं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात शेजारी म्हणतो तुम्ही जास्त जागा वापरताय, मुलगा शांतपणे सांगतो की आम्ही नियमाप्रमाणे मिळालेल्याच जागा वापरतोय, त्यावर शेजारी म्हणतो की तू मला मान देणार नसशील तर मी पण देणार नाही, आणि पिस्तूल काढून गोळ्या झाडायला लागतो. आवाज चढलेला नाही, धक्काबुक्की नाही, शिवी नाही. वर प्रॉसिक्युशनने कोर्टात दाखवलं की त्या दिवशी त्याच्या जागेवर या मुलांची गाडी उभीच नव्हती. म्हणजे ज्या वादावर सगळी थिअरी उभी केली होती तो वाद त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

जून २०१९ मधे आरोपीने गुन्हा कबूल केला, पॅरोलशिवाय तीन जन्मठेपा झाल्या, आणि त्याच वेळी चॅपल हिलच्या पोलीस प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं की हे खून नुसत्या पार्किंगच्या वादापेक्षा जास्त काहीतरी होते आणि हे आम्ही चार वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. हेट क्राइमचं, म्हणजे द्वेषातून केलेल्या गुन्ह्याचं, कलम मात्र शेवटपर्यंत लागलं नाही. राज्याच्या कायद्यात खुनासाठी तसं बसणारं कलम नव्हतं आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने केस केली नाही.

माझ्या मते या केसमधे सगळ्यात जास्त नुकसान त्या दुसऱ्या दिवशीच्या निवेदनाने केलं. चोवीस तासांत पोलिसांकडे कोणाचं व्हर्जन असतं? पकडलेल्या माणसाचं. मेलेले बोलू शकत नाहीत, घरचे अजून धक्क्यात असतात, फोन उघडलेला नसतो, शेजाऱ्यांचे जबाब झालेले नसतात. म्हणजे "प्राथमिक तपास" म्हणून जे बाहेर येतं ते अनेकदा आरोपीने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं, फक्त पोलिसांच्या तोंडून आल्यामुळे ते तटस्थ वाटतं. म्हणून कुठलीही थिअरी ऐकली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ही पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आली आणि कशाच्या आधारावर.

अटलांटात हेच झालं. १६ मार्च २०२१ ला एका तरुणाने तीन मसाज स्पामधे आठ जणांना मारलं, त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका. दुसऱ्या दिवशी शेरिफ ऑफिसचा अधिकारी माध्यमांना सांगतो की आरोपी म्हणतोय यात वंशाचा संबंध नाही, त्याला सेक्सचं व्यसन होतं आणि त्याला हा मोह संपवायचा होता, आणि वर हेही की त्याचा कालचा दिवस खूप वाईट गेला होता. आरोपीचं म्हणणं जसंच्या तसं प्रेस कॉन्फरन्समधे गेलं आणि जगभर तीच हेडलाइन झाली.

या केसची पुढची गोष्ट वकिलांनी तरी लक्षात ठेवावी अशी आहे. गुन्हा दोन काउंटींमधे, म्हणजे जिल्ह्यांमधे घडलेला, म्हणून सरकारी वकील दोन. चेरोकी काउंटीत चार मृत्यू होते, तिथल्या सरकारी वकिलाने सांगितलं की वांशिक द्वेषाचा पुरावा तपासात मिळाला नाही, जुलै २०२१ मधे आरोपीने गुन्हा कबूल केला आणि पॅरोलशिवाय चार जन्मठेपा झाल्या. फुल्टन काउंटीत उरलेले चार मृत्यू, चौघीही आशियाई वंशाच्या, आणि तिथल्या डिस्ट्रिक्ट अटर्नी फॅनी विलिस यांनी फाशी मागताना हेट क्राइमची वाढीव शिक्षाही मागितली, वंश आणि लिंग दोन्हींच्या आधारावर. आरोपी तोच, दुपार तीच, बंदूक तीच, आणि त्याच्या डोक्यात काय होतं यावर दोन सरकारी कार्यालयं दोन टोकाला.

मला यात दुसरी मांडणी जास्त पटते. आरोपी म्हणतो मला मोह संपवायचा होता. ठीक आहे, मग तो मोह म्हणजे नेमकं कोण? त्याने एका ठराविक प्रकारच्या जागा निवडल्या जिथे आशियाई बायका काम करतात हे उघड होतं, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कित्येक किलोमीटर गाडी चालवत गेला. स्वतःच्या अडचणीचं मूळ म्हणून जिवंत बायकांकडे बघणं आणि त्या बायका कोण आहेत यावरून जागा निवडणं, यात द्वेष नाही हे मला तरी पटवून घेता येत नाही. माणसाला स्वतःचा द्वेष द्वेष म्हणून जाणवतोच असं नाही, त्याला ते स्वतःचं दुःख वाटत असतं आणि तपासात तो तेच प्रामाणिकपणे सांगतो.

आता कायद्याचं. साध्या खुनाच्या केसमधे मोटिव्ह सिद्ध करावाच लागतो असं नाही. मारलं, मारायच्या इराद्याने मारलं, एवढं पुरतं, का मारलं ते नाही कळलं तरी प्रत्यक्ष साक्षीदार चांगला असेल तर शिक्षा होते. आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६ मधे, म्हणजे जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ८ मधे, मोटिव्ह, तयारी आणि वागणूक हे संबंधित पुरावे म्हणून येतात, पण ते आधाराला. हेट क्राइमच्या कलमात मात्र "का" हा गुन्ह्याचाच भाग होतो, तो शंकेपलीकडे सिद्ध करायला लागतो. इथेच लोकांचा आणि कोर्टाचा रस्ता वेगळा होतो. खुनात दोषी, हेट क्राइममधे निर्दोष, असा निकाल आला की एक बाजू म्हणते बघा द्वेष नव्हताच. त्याचा अर्थ तसा होत नाही, त्याचा अर्थ एवढाच की तो मुद्दा त्या पुराव्यावर सिद्ध झाला नाही.

आणि मग येतो मिश्र मोटिव्हचा प्रश्न, इथे खरी मारामारी असते. द्वेषही होता आणि वैयक्तिक रागही होता, तर किती टक्के द्वेष असला की पुरे? अमेरिकेत ओहायोमधे २०११ साली आमिश या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथातल्या एका गटाने दुसऱ्या आमिश लोकांच्या घरी जाऊन दाढ्या आणि केस जबरदस्तीने कापले होते. आमिश लोकांत दाढी धर्माचा भाग आहे, त्यामुळे हेट क्राइम म्हणून शिक्षा झाल्या. आरोपींचं म्हणणं होतं की हे घरगुती आणि आपसातले वाद होते, कुणाचा बापाशी झगडा, कुणाचा सासरच्यांशी. २०१४ मधे अपील कोर्टाने त्या हेट क्राइमच्या शिक्षा रद्द केल्या, कारण ज्युरीला सांगितलं होतं की धर्म हा एक महत्त्वाचा घटक असला तरी पुरे, आणि अपील कोर्ट म्हणालं तसं नाही, धर्म नसता तर हे घडलंच नसतं हे सिद्ध व्हायला पाहिजे. घटना कोणीच नाकारत नव्हतं, सगळी केस "मुळे" या एका शब्दाचं वजन किती यावर फिरली.

आपल्याकडे हीच मारामारी ॲट्रॉसिटीच्या केसेसमधे रोज चालते. जुन्या कलम ३(२)(५) मधे गुन्हा "पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे या कारणावरून" केलेला असायला लागायचा. बचाव पक्ष म्हणायचा की फक्त जातीवरून केलेला नाही, जमिनीचा वाद होता, आणि बऱ्याच कोर्टांनी त्यात नसलेला "फक्त" वाचून आरोपींना त्या कलमातून सोडलं. संसदेने २०१५ ला दुरुस्ती केली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, आणि आता पीडित त्या समाजाचा आहे हे माहीत असताना गुन्हा केला तरी चालतं. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं, नव्हती हे सिद्ध करायचं काम आरोपीवर येतं. २०२१ मधे पाटण जमाल वली या बलात्काराच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने जुन्या कलमाबद्दलही स्पष्ट सांगितलं की जात हे एकमेव कारण असायला हवं असा अर्थ काढला तर कायद्याचा हेतूच मारला जातो, कारण माणसावरचा अन्याय जात, बाई असणं, अपंगत्व अशा अनेक गोष्टींनी मिळून होतो. गंमत नाही, पण त्याच केसमधे पुराव्याअभावी ॲट्रॉसिटीची शिक्षा मात्र टिकली नाही, बलात्काराची जन्मठेप तेवढी कायम राहिली.

दुसऱ्या बाजूला २०२० चा हितेश वर्मा केसचा निकाल आहे. तिथे जमिनीच्या ताब्याचा वाद होता आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे म्हणून मालमत्तेचा प्रत्येक वाद आपोआप ॲट्रॉसिटी होत नाही, जातीवरून अपमान झाला पाहिजे आणि तोही लोकांच्या नजरेसमोर. माझ्या मते हे दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र बरोबर उभं राहतं. नुसत्या ओळखीवरून गुन्ह्याला रंग देऊ नका, आणि नुसत्या जमिनीच्या वादावरून जात पुसून टाकू नका.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. पहिल्यापासून गोष्टी किती पसरल्या, शेतातून रस्ता जाण्याचा वाद, आधीच्या एका मारहाणीत दिलेल्या साक्षीचा सूड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या घरातल्या आईच्या चारित्र्याबद्दलच्या. २००८ मधे भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही म्हणून सांगितलं. २०१० मधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची शिक्षा केली आणि हा सुडातून झालेला प्रकार मानला. मी अनेकांशी यावर वाद घातलाय. सूड होता हे मान्य करू. पण एका कुटुंबाने पोलिसांत साक्ष दिली म्हणून गावचा जमाव त्यांच्या घरावर चालून जातो, ही हिंमत कुठून येते? त्या घरामागे उभं राहणारं गावात कोणी नाही हे माहीत असल्यावरच येते ना. जातीने फक्त राग पुरवला असं नाही, जातीने ती सोय पण पुरवली. आणि चारित्र्याच्या गोष्टीचं तर तपासाशी काही देणंघेणंच नव्हतं, ती गोष्ट मेलेल्या बाईला थोडं कमी निरपराध दाखवायला तयार झाली. असली गोष्ट कुठल्याही केसमधे ऐकलीत तर हा एक इशारा समजा.

पुरावा नेमका कुठे मिळतो हा तुमच्या प्रश्नाचा भाग होता. मी तीन थरांत बघतो. घटनेच्या आधीचं, घटनेच्या वेळचं, आणि नंतरचं. यात आधीच्याला सगळ्यात जास्त वजन, कारण ते लिहिताना किंवा बोलताना केस होणार आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

अहमॉड आर्बरी हा काळा तरुण २३ फेब्रुवारी २०२० ला जॉर्जियात पळायला गेला असताना तीन गोऱ्या माणसांनी गाड्यांनी पाठलाग करून त्याला मारलं. त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला तो चोर वाटला आणि आम्ही नागरिक म्हणून त्याला अडवत होतो. सत्तरहून जास्त दिवस कोणाला अटक नाही, मे महिन्यात व्हिडिओ बाहेर आला तेव्हा झाली. राज्याच्या कोर्टात नोव्हेंबर २०२१ ला तिघं खुनात दोषी ठरले, आणि तिथे सरकारी वकिलांनी वंशाचा मुद्दा जवळजवळ बाजूलाच ठेवला, कारण खुनासाठी त्याची गरज नव्हती. मग फेब्रुवारी २०२२ मधे फेडरल हेट क्राइमची वेगळी केस चालली आणि तिथे आरोपींचे जुने मेसेज, सोशल मीडियावरच्या कॉमेंट, काळ्या लोकांबद्दल वापरलेले शब्द, हे सगळं ज्युरीसमोर ठेवलं. तिघंही दोषी ठरले. "चोर वाटला" हे कदाचित खोटं नसेलही, पण पळणारा प्रत्येक तरुण त्यांना चोर वाटला असता का, याचं उत्तर त्या जुन्या मेसेजमधे होतं.

घटनेच्या वेळचे शब्द दुसरे. कोणती शिवी दिली, कोणाला दिली, मारायच्या आधी दिली की नंतर. आणि इथे आपल्याकडचं फिर्याद लिहिणं इतकं ढिसाळ असतं की मला खरंच चीड येते. एका केसमधे मुलाने ठाण्यात सगळं शब्दन् शब्द सांगितलं होतं, कोण काय म्हणालं, कुठल्या घोषणा दिल्या, आणि एफआयआरमधे एकच वाक्य आलं, "जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण केली". दोन वर्षांनी तो साक्षीला उभा राहिला आणि नेमके शब्द सांगितले, तर उलटतपासात पहिलाच प्रश्न, हे शब्द तुमच्या फिर्यादीत नाहीत, बरोबर? बरोबर. म्हणजे हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय, बरोबर? तो म्हणतो साहेब मी सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही. हे वाक्य कोर्टात हजारदा ऐकलेलं असतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. द्वेषाचा पुरावा कोणी नष्ट केला नाही, फक्त लिहिणाऱ्याने आठ-दहा शब्द वाचवले.

तिसरा थर नंतरचा, म्हणजे फुशारकी मारलेले मेसेज, व्हिडिओ फिरवणं, सत्कार. हे उपयोगी असतं पण सांभाळून, कारण नंतर आपण मोठं काहीतरी केलं हे दाखवायला लोक मोटिव्ह मागाहूनही चिकटवतात.

आता दुसरी बाजू, आणि हे वाचून माझ्या बाजूच्या काही लोकांना आवडणार नाही. द्वेषाची थिअरीही चुकू शकते, आणि सगळ्यांना मनापासून खरी वाटत असतानाही चुकू शकते. ऑरलँडोचा पल्स नाइट क्लब, १२ जून २०१६, ४९ लोक मारले गेले. गे क्लब होता, त्यामुळे समलिंगी लोकांच्या द्वेषातून झालं हे जगाने लगेच मान्य केलं, त्यावर आणखी एक गोष्ट चढली की मारणारा स्वतःच छुपा गे होता. २०१८ मधे त्याच्या बायकोवर केस चालली, ती निर्दोष सुटली, पण त्या केसमधे जो पुरावा आला त्यावरून दिसलं की त्या रात्री तो आधी एका मोठ्या शॉपिंग आणि करमणुकीच्या ठिकाणाकडे गेला होता, मग फोनवर शहरातले नाइट क्लब शोधले आणि पल्सला पोचला. छुपा गे असल्याचा पुरावा एफबीआयला मिळाला नाही. स्वतः तो फोनवर आयसिसचं नाव घेत होता आणि सीरिया-इराकमधल्या हवाई हल्ल्यांबद्दल बोलत होता. यामुळे त्या क्लबमधे मेलेल्यांच्या समाजाचं दुःख कणभरही कमी होत नाही, त्यांची सुरक्षित जागा उद्ध्वस्त झालीच. पण मोटिव्ह म्हणून विचाराल तर निवडीचा पुरावा दुसरीकडे जातो, आणि तो तसाच सांगायला पाहिजे.

पालघर पण तसंच. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. लॉकडाउन चालू, त्या भागात चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा, आणि रात्री अनोळखी गाडी. सोशल मीडियावर काही तासांत याला हिंदू-मुस्लिम रंग दिला गेला. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि सांगितलं की यात एकही मुस्लिम नाही. मेलेल्यांचे कपडे बघून मोटिव्ह ठरवला की असं होतं. जमावाने त्यांना साधू म्हणून निवडलं होतं की अनोळखी म्हणून, हाच प्रश्न होता, आणि तो विचारायला कोणाला वेळ नव्हता.

मग सुरुवातीला कोणावर विश्वास ठेवायचा? याचं चांगलं उत्तर ब्रिटनमधे एका वाईट अनुभवातून आलं. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाला एप्रिल १९९३ मधे लंडनमधे बस स्टॉपवर गोऱ्या टोळक्याने भोसकलं, आणि पोलिसांनी तपासाची वाट लावली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने सांगितलं की पीडिताला किंवा इतर कोणाही माणसाला घटना वांशिक वाटली तर ती वांशिक म्हणून नोंदवायची. लोक यावर ओरडतात की म्हणजे कोणीही काहीही म्हणेल. पण ही व्याख्या शिक्षेची नाहीच, नोंदीची आहे. नोंद झाली की तपास त्या दिशेने करावा लागतो, जुने मेसेज बघावे लागतात, शब्द लिहून घ्यावे लागतात. तसं नोंदवलं नाही तर तो पुरावा कोणी गोळाच करत नाही आणि मग वर्षांनी म्हणायला मोकळे की पुरावा मिळाला नाही. लॉरेन्स केसमधे दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी २०१२ उजाडलं.

म्हणून माझं म्हणणं, नोंदवताना घरच्यांचं ऐका, तपासताना दोन्ही थिअरी जिवंत ठेवा, आणि शिक्षा देताना पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भांडणं होतात ती एका पायरीचा नियम दुसरीला लावल्यामुळे.

हेही लक्षात ठेवा की मोटिव्ह कळला म्हणजे माणूस सापडला असं नाही. पुण्यात हडपसरला २०१४ मधे आयटीत काम करणाऱ्या एका तरुण मुस्लिमाचा खून झाला. तिथे मोटिव्हवर फार वाद नव्हता, उलट २०१७ मधे जामीन देताना हायकोर्टाने लिहिलं की मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि आरोपी धर्माच्या नावावर भडकले होते हे त्यांच्या बाजूचं कारण धरलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला या विचारसरणीवर कडक नापसंती दाखवली, ते योग्यच झालं, कारण भडकवले गेले हे जामिनाचं कारण झालं तर द्वेष हीच सवलत होईल. पण जानेवारी २०२३ मधे सेशन्स कोर्टाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. का मारलं हे सगळ्यांना माहीत, कोणी मारलं हे सिद्ध नाही.

नवीन भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून कलम १०३(२) आलंय, पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. "धर्म" हा शब्द यादीत सरळ नाही, समुदाय आणि श्रद्धेत तो बसवायला लागेल, आणि "कारणावरून" हा शब्द परत आलाय, म्हणजे ॲट्रॉसिटीत जो वाद तीस वर्षं चालला तो इथे पहिल्यापासून सुरू होणार. एकट्या माणसाने केलेला तसाच खून या कलमात येतच नाही, हे मला मोठं भोक वाटतं.

शेवटी तुमच्या ओळखीत असं काही झालं असेल तर कामाचं सांगतो. फिर्याद लिहून झाली की सही करायच्या आधी ती वाचायला मागा, आणि शिवी असेल तर शिवी जशीच्या तशी लिहायला लावा, लाज वाटली तरी. काही राहून गेलं तर लगेच पुरवणी जबाब द्या, आठवड्याच्या आत, आणि लेखी अर्ज वरिष्ठांकडे देऊन पोच घ्या. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवायची मागणी करा, म्हणजे दबावाने पलटला तरी काहीतरी हातात राहतं. जखमी माणूस हॉस्पिटलमधे असेल आणि बोलू शकत असेल तर मृत्युपूर्व जबाबासाठी तातडीने सांगा, उद्यावर टाकू नका. आरोपीच्या जुन्या पोस्ट दिसत असतील तर स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसकट काढा आणि ज्या फोनवर काढले तो फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका, डिजिटल पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागेल तेव्हा तोच फोन लागतो. आधी कधी धमकी, टोमणा, बहिष्कार झाला असेल तर तारखा आठवून एका कागदावर लिहून काढा, घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता. आणि जमिनीचा किंवा पैशाचा वाद खरंच असेल तर तो लपवू नका, तुम्हीच आधी सांगा. लपवलेला वाद उलटतपासात बाहेर आला की तुमचं बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं, आणि आरोपीच्या वकिलाला दुसरं काहीच करायला लागत नाही.